जड पाणी

३ फेब्रुवारी

बाबा,

वर आधी 'तीर्थरूप' लिहिलं होतं, मग खोडलं. तीर्थ म्हणजे पाणीच, आणि आपलं बिनसलं ते पाण्यावरूनच. म्हणून नुसतं बाबा.

फोन केला की तुम्ही "हं, बरंय" म्हणता आणि दादाच्या हातात देता. दादा मला तिकडचं तापमान सांगतो. ते मला इथूनही दिसतं. म्हणून पत्र.

काम एकच आहे. रोपवाटिकेच्या शेडची दुसरी किल्ली कुठे ठेवली आहे? पहिली तुमच्या जागी आलेल्या नव्या माळ्याने हरवली. दहा जानेवारीपासून शेड बंद आहे. खुरपी, जाळ्या, खताची पोती, सगळं आत. कुलूप तोडायला अधीक्षकांची सही लागते. त्यांची सही मिळवण्यापेक्षा तुम्हाला लिहिणं सोपं वाटलं.

इकडे सगळं ठीक. क्वार्टर माझ्या नावावर झालं. दारावरची पाटी अजून तुमचीच आहे. स्क्रू ड्रायव्हर सापडत नाही, असं मी विचारणाऱ्यांना सांगते.

प्लांट व्यवस्थित चालू आहे. हॉस्पिटलच्या लाँड्रीतून रोज अठरा हजार लिटर मळकं पाणी येतं, त्यातलं बारा हजार स्वच्छ होऊन परत जातं. बॅटरी नाही, जनरेटर नाही. ऊन आलं की पंप चालतो, ऊन गेलं की थांबतो. पाहुणे येतात, पॅनेलसमोर फोटो काढतात. हीच रचना आता आणखी सहा हॉस्पिटलांत बसवायची आहे. नकाशे मार्चअखेर जातील. त्या कामाची प्रमुख म्हणून माझं नाव आहे. दादाने सांगितलं असेल.

कांजीमावशी तुमची चौकशी करतात. चादरींना कांजी करता करता स्वतःही तशाच ताठ झाल्यात, असं तुम्ही म्हणायचात ते मी त्यांना सांगितलेलं नाही. नव्या माळ्याला त्या 'मोबाइलमाळी' म्हणतात, कारण तो प्रत्येक रोपाचा फोटो काढून फोनला विचारतो, हे काय आहे.

किल्लीचं कळवा.

तुमची मुलगी


२० फेब्रुवारी

बाबा,

उत्तर मिळालं. पोस्टमनने पाकीट कानाशी हलवून विचारलं, "आत काय आहे?" म्हटलं, वडिलांचं पत्र. तो म्हणाला, "वाजतंय की!"

रोपांच्या ट्रेमध्ये खोचायच्या लाकडी पट्टीवर पत्र लिहिणारे तुम्ही एकटेच असाल. 'किल्ली तिसऱ्या कुंडीखाली. नव्याला सांग, साबणाचे हात रोपांना लावू नको.' किल्ली मिळाली. गंजली आहे, पण लागते. निरोपही दिला. त्याने तो फोनमध्ये लिहून घेतला.

पट्टीच्या मागच्या बाजूला एकच शब्द होता: 'पानं?'

ठीक आहेत, असं लिहिणार होते. ठीक नाहीत. गेल्या सोमवारपासून कडा तपकिरी पडायला लागल्या. आधी टोक, मग कड, मग पान आतल्या बाजूला वळतं. ऑक्टोबरमध्ये झालं होतं तसंच, त्याच क्रमाने. सतराशे रोपांपैकी साधारण चारशे.

ऑक्टोबरच्या अहवालात मी 'खतांचा अतिवापर' असं लिहिलं होतं. ते वाक्य मला पाठ आहे, तुम्हालाही असेल. खत जास्त झालं की कडा अशाच जळतात, हे पुस्तकात आहे. पण या खेपेला दहा जानेवारीपासून खताची पोती कुलपाआड होती आणि किल्ली तिसऱ्या कुंडीखाली. मोबाइलमाळ्याने खत घातलेलं नाही. घालायचं ठरवलं असतं तरी घालता आलं नसतं.

हे मी अजून कुणाला बोलले नाही. आधी मोजते.

तुमची मुलगी


६ मार्च

बाबा,

मोजलं.

दोन दिवस सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत दर अर्ध्या तासाला नमुना घेतला. एरवी मी दुपारी बारालाच घेते. फॉर्मवर वेळेचा एकच रकाना आहे, त्यात 'दुपारी १२' छापलेलंच आहे. छापून मीच आणला होता.

बाराला एका लिटरमध्ये क्षार एकशे चाळीस मिलिग्रॅम. उत्तम. अडीचला एकशे नव्वद. चारला साडेचारशे. साडेपाचला सोळाशे.

कारण सोपं आहे. वर्षभर आधी सुचायला हवं होतं इतकं सोपं. आपल्याकडे पाणी एका पातळ पडद्यातून दाबाने ढकलतात. पाणी पलीकडे जातं, क्षार बहुतेक अलीकडे राहतात. बहुतेक, सगळे नाही. थोडे झिरपतातच, आणि ते दाबाकडे बघत नाहीत, आपल्या गतीने झिरपत राहतात. ऊन भरपूर असलं की पाणी जोरात येतं आणि तेवढ्या क्षारांचा पत्ताही लागत नाही. ऊन उतरलं की पंपाचा दाब उतरतो, पाणी थेंब थेंब येतं, क्षार मात्र तेवढेच. तांब्याभर ताकात आणि वाटीभर ताकात मीठ तेवढंच घातलं तर खारट कुठलं लागेल, हे कांजीमावशींनाही कळलं. त्या म्हणाल्या, "एवढं शिकून तुला ताकाशी यावं लागलं का गं!"

आता दुसरा भाग. नळजोडणी मी अशी ठेवली होती की आधी लाँड्रीची मोठी टाकी भरायची, आणि ती भरली की पाणी आपोआप रोपवाटिकेच्या टाकीकडे वळायचं. मोठी टाकी रोज चारच्या सुमाराला भरते. म्हणजे रोपवाटिकेला रोज चारनंतरचंच पाणी मिळत होतं. तेच तुम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला घालत होतात. मी बाराचं मोजत होते. तुम्ही आणि मी एकाच प्लांटचं पाणी वापरत होतो आणि ते एकच पाणी नव्हतं.

रोपवाटिकेच्या टाकीत अकराशे वीस निघालं. मोठ्या झाडाला चाललं असतं. दोन पानांच्या रोपाला नाही.

ऑक्टोबरच्या बैठकीत तुम्ही नेमकं काय म्हणाला होतात ते मला आठवतं. अधीक्षकांनी विचारलं, "तुमचं काय म्हणणं आहे?" तुम्ही म्हणालात, "टाकीतलं पाणी जड लागतंय." आणि मी म्हणाले, "जड पाणी अणुभट्टीत लागतं, बाबा. आपल्याकडे चादरी धुतात."

सगळे हसले. अधीक्षक तर पाणी पिता पिता हसले आणि त्यांना ठसका लागला. तुम्ही खिशात हात घातलात, मला वाटलं चष्मा काढताय. मग हात तसाच बाहेर काढलात आणि म्हणालात, "बरं."

विनोद बरोबर होता. जड पाणी म्हणजे काय ते मी आठवीत शिकले, तुमच्याच सायकलवर मागे बसून शाळेत जाऊन. फक्त तुम्ही त्या पाण्याबद्दल बोलत नव्हतात, आणि ते मला तेव्हाही कळत होतं.

काल हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेतला काटा मागून घेतला. एक लिटर बारा वाजताचं, एक लिटर तुमच्या टाकीतलं, तापमान एकच. तुमच्या टाकीतलं जवळजवळ पाऊण ग्रॅम जास्त भरलं. तीनदा मोजलं.

पाणी जड होतं, बाबा.

तुमची मुलगी


११ मार्च

बाबा,

मागच्या पत्राला उत्तर यायच्या आतच हे लिहिते आहे. त्या पत्रात एक गोष्ट नव्हती.

चौदा ऑक्टोबरला संध्याकाळी मी रोपवाटिकेवरून घरी येत होते. मीटर पिशवीत होतं. बैठकीला सोळा दिवस होते, कडा तेव्हा नुकत्या तपकिरी पडायला लागल्या होत्या. मी तुमच्या टाकीत मीटर बुडवलं. मीटरने अकराशेच्या वरचा आकडा दाखवला. मी तो वहीत पेन्सिलीने लिहिला आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

दुसऱ्या दिवशी बाराला प्लांटवर मोजलं. एकशे अडतीस. मग वहीतला आदल्या दिवशीचा आकडा खोडरबराने पुसला. मीटरचा सेल उतरला असेल, असं स्वतःला सांगितलं.

सेल बदलला नाही. यावरूनच काय ते समजा.

त्या आठवड्यात मंत्रालयातले लोक प्लांट बघायला येणार होते. हे कारण नाही, तारीख म्हणून सांगते आहे. रोपं बत्तीसशे होती. ती मेली, तुम्ही निवृत्तीच्या दोन वर्षं आधी नोकरी सोडायचा अर्ज दिलात, आणि दादाकडे निघालात तेव्हा मी स्टेशनवर आले. गाडी वेळेवर आहे का, एवढंच तुम्हाला विचारलं. वेळेवर होती.

वहीचं पान उजेडात तिरकं धरलं की आकडा अजून दिसतो. पेन्सिल दाबून लिहायची माझी सवय. 'कागदावर राग काढू नको' असं तुम्ही लहानपणी म्हणायचात. बरं झालं ती सवय गेली नाही.

आता उत्तर पाठवायलाच हवं असं नाही.

तुमची मुलगी


२९ मार्च

बाबा,

उत्तर आलं नाही. वहिनीला फोन केला होता. ती म्हणाली, "पत्र दोनदा वाचलं, मग बाल्कनीतल्या कुंड्यांची माती उकरत बसले. आता एकाही कुंडीत उकरायला माती राहिली नाही, तेव्हा लवकर काय ते कर." केलं.

काल समितीची बैठक झाली. तीच खोली, तोच टेबलक्लॉथ. सहा हॉस्पिटलांचे नकाशे त्यांच्यासमोर होते. मी आदल्या दिवशी अधीक्षकांना एकटं गाठून सांगितलं होतं. ते म्हणाले, "अगं, नकाशे जाऊ देत, मग हळूच दुरुस्ती पाठव. बोभाटा कशाला?" मी म्हटलं, तोवर सहा ठिकाणी टाक्या बसतील. ते म्हणाले, "त्यात तुझंच नाव खराब होईल." मी म्हटलं, अहवालात आत्ता ज्याचं नाव खराब आहे, तो माणूस तुमच्याकडे बत्तीस वर्षं होता. मग त्यांनी समोरचा पाण्याचा ग्लास बाजूला सारला. ठसका लागल्याचं त्यांनाही आठवलं असावं.

बैठकीत मी आकडे वाचून दाखवले, अर्ध्या तासाच्या अंतराने, दोन्ही दिवसांचे. वहीचं पान खिडकीशी धरून दाखवलं. एक सदस्य म्हणाले, "इथे काहीच लिहिलेलं नाही." मी म्हटलं, लिहिलेलं होतं, मी पुसलं. त्यांनी चष्मा बदलला आणि पुन्हा बघितलं. खोलीत कुणी हसलं नाही. हसले असते तर मला सोपं गेलं असतं.

दुरुस्ती अशी लिहिली आहे, प्रत सोबत जोडते: 'रोपांचे नुकसान खतामुळे झालेले नाही. उतरत्या उन्हात तयार झालेले क्षारयुक्त पाणी रोपवाटिकेला दिले गेल्याने झाले. हे पाणी जड असल्याचे मुख्य माळ्यांनी वेळेवर सांगितले होते. प्लांटच्या अभियंत्रीने ते ऐकले नाही आणि स्वतः घेतलेली नोंद पुसली.' अधीक्षकांनी 'जड' शब्दाखाली रेघ मारली. "हा शास्त्रीय शब्द आहे का?" म्हटलं, माळ्यांचा आहे, आणि काट्यावर तपासला आहे. तो राहिला.

नळजोडणी बदलली. आता अकरा ते दोनमधलं पाणी आधी रोपवाटिकेला जातं, नंतर लाँड्रीला. दाब ठरलेल्या खुणेच्या खाली गेला की येणारं पाणी कुणालाच देत नाही, ते परत मळक्या टाकीत जातं आणि दुसऱ्या दिवशीच्या उन्हाची वाट बघतं. रोज नऊशे लिटर कमी मिळतं. कांजीमावशींना वाटलं होतं मी त्यांच्या वाटचं पळवलं, म्हणून भांडायला आल्या होत्या. कारण सांगितल्यावर म्हणाल्या, "मग त्याला सांगितलंस का? नाही? मला कशाला सांगतेस मग!" आणि पाठ फिरवून गेल्या. कांजी कडक आहे.

फॉर्मवर आता वेळेचे पाच रकाने आहेत. एकही आधीपासून भरलेला नाही.

सहा ठिकाणचं काम तीन महिने पुढे गेलं. प्रमुख म्हणून माझं नाव होतं, ते आता 'विचाराधीन' आहे. मला त्याचं वाईट वाटत नाही असं लिहिलं तर ती आणखी एक खोटी नोंद होईल. वाटतं. पण झोप लागते.

पेरणी पुन्हा करायची आहे. मोबाइलमाळी फोनला विचारतो, फोन त्याला रोज वेगळं सांगतो.

तुमची मुलगी


९ एप्रिल

तीर्थरूप बाबांस,

पाकीट आज मिळालं. पोस्टमनने या वेळी हलवून बघितलं नाही. म्हणाला, "पट्टीच आहे, आता ओळखतो."

मला वाटलं, नवी पट्टी असेल. जुनी निघाली. टोकाला माती, मधे पाण्याचा डाग. तुमचं अक्षर, पेन्सिलीचं:

'१४ ऑक्टो. टाकी. पाणी जड. मीटरबाईने मोजलंय. सांगेल.'

मी बराच वेळ ट्रेच्या कट्ट्यावर बसले होते. मोबाइलमाळ्याने विचारलं, "मॅडम, काय झालं?" म्हटलं, वाचते आहे. तो म्हणाला, "पाचच शब्द दिसतायत." सहा आहेत. तारीख सोडून.

तुम्ही तेव्हा शेडमध्ये होतात. मला टाकीशी वाकलेलं बघितलंत. मी वहीत लिहिलं ते बघितलंत. आणि बैठकीत, सगळे हसत असताना, तुम्ही चष्मा काढत नव्हतात. ही पट्टी तुमच्या खिशात होती. टेबलावर ठेवली असतीत तर त्याच दिवशी तुम्ही सुटला असतात आणि मी अडकले असते. हात रिकामा बाहेर काढलात आणि "बरं" म्हणालात.

'सांगेल' असं लिहिलंत. मला सांगायला एकशे पासष्ट दिवस लागले. मोजले.

मग पट्टी उलटली. मागे निळ्या शाईत, ताजं:

'सांगितलंस. पेरणी थांबव. मोबाइलवाल्याला हात लावू देऊ नको. रविवारी दुपारच्या गाडीने येतो. बाराचं पाणी भरून ठेव.'

बारा ते साडेबारामधलं पाणी वेगळ्या पिंपात भरून झाकून ठेवलं आहे. एकशे एकेचाळीस. पण तुम्ही आल्यावर आधी जिभेला लावून बघाल, मला माहीत आहे. बघा. हे पाणी पिण्याचं नाही, असं या वेळी मी म्हणणार नाही. म्हटलंच, तर एकदाच म्हणेन.

गाडी वेळेवर आहे का, ते मी स्टेशनवर येऊन बघेन. तुम्हाला विचारणार नाही.

दारावरची पाटी जागेवरच आहे. स्क्रू ड्रायव्हर पहिल्या दिवसापासून स्वयंपाकघराच्या वरच्या ड्रॉवरमध्ये होता.

तुमची
मीटरबाई